ताई शानवर उदबत्ती वाहताना

चीनच्या शानतुंग प्रांतातल्या ताई शान या डोंगरावर, माथ्याजवळ, बिशिया युआनजुन देवीचं ताओ पंथाचं मंदिर आहे. पायी गेलात तर सहा हजारांहून जास्त पायऱ्या. आधी दम खाऊन मगच आत जा. उंबरठा ओलांडायचा, त्यावर पाय द्यायचा नाही.

उदबत्त्या तीनच घ्या. ज्योत हाताने वारा घालून विझवा; तोंडाच्या फुंकरीने उदबत्ती उष्टी होते, आपल्याकडे मानतात तसंच. दोन्ही हातांनी कपाळाशी धरून तीनदा वाका. मग डाव्या हाताने धूपपात्रातल्या राखेत रोवा: पहिली मधोमध, बाकीच्या दोन्ही बाजूंना, एकमेकींजवळ, सरळ. वरवर खोचलेली काडी माथ्यावरच्या वाऱ्याने कलते आणि जळती राख शेजारच्याच्या हातावर पडते. म्हणून राखेत बोटभर खोल रोवा. मागणं मनातच, एकच, नेमकं.