ओ पेअरच्या हातून चूक झाली? मग पालकांनी तरी या चुका टाळा

अमेरिकेत ओ पेअर ठेवणाऱ्या घरांत काही मराठी घरंही आहेत. जे-१ या सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या व्हिसावर आलेली, १८ ते २६ वर्षांची मुलगी तुमच्याच घरात राहते, तुमच्याबरोबर जेवते आणि तुमची मुलं सांभाळते. मुलं ताब्यात घेण्याआधी तिला नियमानुसार किमान ८ तास बालसुरक्षेचं आणि २४ तास बालविकासाचं प्रशिक्षण मिळालेलं असतं. एवढ्या तासांत सगळं येत नाही, त्यामुळे चुका होणार. मात्र एका चुकीनंतर दुसरी, जास्त गंभीर चूक होते तेव्हा तिला बरेचदा पालकांची पहिली प्रतिक्रिया कारणीभूत असते.

सगळ्या चुका एकाच तागडीत तोलणं

सनस्क्रीन लावायचं राहिलं आणि दीड वर्षाच्या बाळाला टबात ठेवून ती फोन आणायला गेली, या दोन गोष्टींवर आवाज सारखाच चढला, तर यातली जीवघेणी कुठली हे तिला कळणारच नाही. बाळ दोन-तीन इंच पाण्यातही बुडू शकतं, आणि तेही आवाज न करता.

म्हणून रेष आधीच आखा. आंघोळीत एकटं सोडणं, बंद गाडीत ठेवून दुकानात जाणं, गाडी चालवताना मेसेज करणं, मारणं किंवा गदागदा हलवणं, यातलं काहीही घडलं तर त्या क्षणापासून मुलं तिच्या ताब्यात नाहीत आणि तिला तुमच्याकडे पाठवणाऱ्या एजन्सीच्या कोऑर्डिनेटरला त्याच दिवशी फोन. इथे ‘पोर लहान आहे, शिकेल’ चालत नाही.

बाकीच्या बऱ्याच चुका निव्वळ माहिती नसल्यामुळे होतात. कोलंबिया किंवा ब्राझीलच्या उष्ण भागातून आलेल्या मुलीला जानेवारीतल्या जाड जॅकेटचा कार सीटशी काय संबंध, हे कुठून ठाऊक असणार? जॅकेटवरून पट्टे घट्ट दिसतात, पण धडक बसली की आतला फुगा दबतो आणि पट्टे सैल पडतात. हे नुसतं सांगू नका, दाखवा. जॅकेट घालून मुलाला बसवा, पट्टे आवळा, मग पट्टे तसेच ठेवून मुलाला बाहेर काढा, जॅकेट उतरवा आणि पुन्हा बसवा. किती ढिले आहेत ते तिलाच दिसेल. छातीवरची क्लिप काखेच्या रेषेत हवी आणि खांद्याजवळचा पट्टा चिमटीत येता कामा नये. जॅकेट नंतर वरून पांघरा. द्राक्षांचंही तसंच: चार वर्षांखालच्या मुलाला द्राक्ष उभं चिरून, चार फोडी करूनच द्यायचं. तिच्या हातून एकदा करून घ्या. इंग्रजी कच्चं असलेली मुलगी संकोचाने ‘येस, येस’ म्हणते. तिला समजलं आहे असं त्यावरून धरून चालू नका.

दारातच फैलावर घेणं

आधी मूल बघा. श्वासाला त्रास असेल, शुद्ध हरपली असेल तर ९११. काही गिळलं असेल, पण मूल ठीक दिसत असेल, तर पॉयझन कंट्रोलचा, म्हणजे विषबाधेवर सल्ला देणाऱ्या हेल्पलाइनचा, १-८००-२२२-१२२२ हा नंबर चोवीस तास चालू असतो. हे दोन्ही नंबर फ्रीजवर हवेत आणि तिच्या फोनमध्येही. फोन आधी करायचा आणि तुम्हाला नंतर कळवायचं, हेही तिला स्पष्ट सांगून ठेवा. नाहीतर ती तुमची मीटिंग संपायची वाट बघत बसेल.

मूल ठीक आहे म्हटल्यावर ‘असं केलंस कसं?’ असा सवाल टाकण्याऐवजी ‘काय काय झालं ते पहिल्यापासून सांग’ म्हणा. तिच्या बाजूने विचार करा: मालक तुम्हीच, घरही तुमचंच, आणि रीमॅचमध्ये, म्हणजे एजन्सीतर्फे घर बदलताना, दुसरं कुटुंब मिळालं नाही तर मायदेशी परत जायचं. एवढी टांगती तलवार असताना कडाडून बोलणं बसलं, तर पुढच्या वेळी सोफ्यावरून पडलेलं बाळ ‘झोपेतून उठल्यापासून किरकिरतंय’ एवढंच तुमच्या कानावर येईल. स्वतःहून चूक सांगितली तर आधी ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा, मग बाकीचं बोला. आणि तिच्यासमोर मराठीत तिच्याविषयी बोलू नका. शब्द कळले नाहीत तरी नाव आणि सूर कळतो.

आजीचा नियम वेगळा, आईचा वेगळा

हा खास आपल्या घरांतला घोळ. आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी येतात. आजी म्हणते, बाळाला बोटभर मध चाटव, आई ऑफिसात. ओ पेअरने आजीचं ऐकलं तर चूक कोणाची? वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते, म्हणून मध अजिबात नाही. पण हे आजीला सांगायचं काम मुलाचं किंवा सुनेचं आहे. वीस वर्षांच्या परक्या मुलीने आजीला ‘नाही’ म्हणावं, ही अपेक्षाच चुकीची. पोटावर झोपवणं, पाळण्यात उशी-दुलई भरणं, गाडीत मांडीवर घेणं यांचाही निकाल आजींशी बोलून आधीच लावा. नियम लिहून ठेवा, तेही मोजके आणि नेमके. ‘नीट लक्ष ठेव’ याला काही अर्थ नाही. ‘आंघोळ चालू असताना बेल वाजली तर दार उघडायचं नाही, जावंच लागलं तर बाळ टॉवेलमध्ये गुंडाळून कडेवर’ याला आहे.

स्वतःचं वेळापत्रक न तपासणं

ओ पेअरला दिवसाला १० आणि आठवड्याला ४५ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. चूक अकराव्या तासाला झाली असेल तर तिला बोलण्याआधी कॅलेंडर काढा. तीन महिन्यांपेक्षा लहान बाळ तिच्यावर एकटीवर सोपवायला नियमातच मनाई आहे, आणि दोन वर्षांखालच्या मुलासाठी तिला तान्ह्या मुलांच्या देखभालीचा २०० तासांचा अनुभव हवा. प्रोफाइलमध्ये ‘मुलं आवडतात’ लिहिलंय एवढ्यावर पुष्कळजण समाधान मानतात.

कोऑर्डिनेटरला अगदी शेवटी सांगणं

‘घरातली गोष्ट घरात’ म्हणून महिनोन्‌महिने गप्प, आणि मग एकदम ‘हिला घेऊन जा’. तोवर हाताशी काही लिहिलेलं नसतं. तारीख, काय घडलं, काय समजावलं, पुन्हा झालं का, एवढ्या चार ओळी दरवेळी पुरतात. दुसऱ्यांदा तीच चूक झाली की तुम्ही, ती आणि कोऑर्डिनेटर अशा तिघांनी बसून बोला. व्हिसाची धमकी मात्र नको, आणि पासपोर्ट तिचा तिच्याकडेच. घरात कॅमेरा असेल तर तिला आधी सांगा. तिच्या खोलीत आणि बाथरूममध्ये तो नसलाच पाहिजे. पाच वर्षांच्या मोठ्या भावंडाला ‘ताई दिवसभर काय करते, मला सांग’ म्हणून कामाला लावणं त्याहून वाईट.

रीमॅच ठरलाच, तर नवं घर ठरेपर्यंत ती तुमच्याकडे राहू शकते. राहणं आणि मुलं सांभाळणं या दोन गोष्टी त्या दिवसांत वेगळ्या ठेवा. विश्वास उडालेल्या माणसाकडे ‘फक्त शाळेतून आणायचं तर आहे’ म्हणून गाडीची किल्ली देऊ नका. दोघांनी आलटून पालटून सुट्ट्या घ्या किंवा डेकेअर बघा, आणि ही सोय रीमॅचचा फोन करायच्या आधीच करून ठेवा.