रात्रपाळीला एकट्या असाल तेव्हा

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात पडलं की पोरी विचारतात, "मॅडम, आता आपल्याला काय काय करता येतं?" कोल्हापुरात बऱ्याच जणींची पहिली नोकरी छोट्या नर्सिंग होममध्ये लागते आणि तिथं रात्री आरएमओ (दवाखान्यातच थांबणारे डॉक्टर) असेलच असं नाही. म्हणून माझं उत्तर तिथूनच सुरू होतं: डॉक्टर फोनवर, पेशंट समोर, आणि केसपेपरवर सही तुमची.

काही कामांना कुणाला विचारायचं नसतं. टीपीआर-बीपी (ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब), इनटेक-आउटपुट (पोटात-शिरेत किती गेलं, बाहेर किती आलं), कूस बदलणं, सलाईनची जागा सुजली तर बंद करणं, धाप लागली तर डोकं उंच करणं. हृदय थांबलं तर मदतीला हाक मारत लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि श्वास देणं. (आपल्याकडं 'सीपीआर' म्हटलं की नातेवाईक दसरा चौकाजवळच्या सीपीआर रुग्णालयाकडं गाडी वळवतात, तो भाग वेगळा.)

फोनवरची ऑर्डर आधी लिहायची, मग वाचून दाखवायची: औषध, मात्रा, शिरेतून की स्नायूत, किती वेळा. "बरोबर" ऐकल्यावरच सिरिंज भरा. वेळ आणि डॉक्टरांचं नाव टाका, 'फोनवरून' असं लिहा आणि सकाळी राऊंडला त्यांची सही घ्या. वाचून दाखवलं की काही डॉक्टर वैतागतात. वैतागू देत.

इन्सुलिनपाशी जरा थांबते, कारण तिथं डोळे सवयीनं चालतात. बाटलीवर ४० आहे की १०० (एका मिलीलीटरमध्ये किती युनिट), हे दर वेळी वाचायचं. लाल टोपणाची सिरिंज ४० ची, नारिंगी टोपणाची १०० ची. १०० च्या बाटलीत लाल टोपणाची सिरिंज घातली, तर १० च्या रेघेवर २५ युनिट येतात. दुसरी सिस्टर असेल तर तिला दाखवूनच द्या. आणि जेवण आलंय का ते आधी बघा; डबा राधानगरीहून शेवटच्या एसटीनं येणार असेल तर डॉक्टरांना तसं कळवा.

पहाटे पेशंटला घाम फुटला, हात थरथरले, तर आधी ग्लुकोमीटर. साखर उतरलेली असेल, पेशंट शुद्धीत असेल आणि नीट गिळत असेल, तर साखरपाणी पाजा आणि डॉक्टरांना फोन लावा. शिरेतून डेक्स्ट्रोज द्यायला मात्र ऑर्डर हवी, नाहीतर डॉक्टरांनी आधीच सही करून ठेवलेली लेखी स्टँडिंग ऑर्डर. ती फाईल कुठाय, हे नोकरीच्या पहिल्याच दिवशी विचारा. नसेल तर मागून घ्या, लाजू नका.

पोटॅशियम क्लोराईड थेट शिरेत ढकलायचं नाही, सांगणारा कुणीही असो.

ऑपरेशनचा धोका समजावणं हे सर्जनचं काम. तुमची सही फार तर साक्षीदाराची, आणि तीही कोऱ्या फॉर्मवर नाही. "सिस्टर, रिपोर्टात काय आलंय, सांगा की," असं मामा-मावश्या विचारणारच. "डॉक्टर राऊंडला आले की तुमच्याशी बोलतील, मी त्यांना आठवण करते," एवढं सांगा आणि खरंच आठवण करा.

नाही म्हणायचं असेल तेव्हा नुसतं 'नाही' म्हणून फोन ठेवू नका. "सर, हे मला करता येणार नाही, तुम्हाला यावं लागेल. तोवर ऑक्सिजन लावते, दर १५ मिनिटांनी बीपी घेते." फोनची वेळ लिहून ठेवा. डॉक्टर येत नसतील आणि पेशंट खालावत असेल, तर दवाखान्यानं नेमलेल्या दुसऱ्या डॉक्टरांना लावा. तेही नसतील तर १०८ बोलवा.

विषाची केस आली तर नातेवाइकांना औषधाचा डबा आणायला पिटाळा. फवारणीच्या औषधात लाळ, घाम आणि बारीक झालेल्या बाहुल्या बघून लगेच डॉक्टरांना कळवा. हातमोजे घालूनच भिजलेले कपडे काढा, अंग धुवा. एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसची नोंद) डॉक्टर करतील, पण तुमच्या नोंदी कोर्टात वाचल्या जाऊ शकतात. 'दारू प्यालेला' नको. 'तोंडाला वास, बोलणं अडखळतंय' असं लिहा. ऐकीव असेल तर 'नातेवाइकांच्या सांगण्यानुसार'. लिहिताना चुकलं तर एकच आडवी रेघ, शेजारी सही. व्हाईटनरला हात लावू नका. काढलेले कपडे नातेवाइकांकडं देऊ नका. नाव-तारीख घालून बाजूला ठेवा आणि पोलिसांकडं सोपवताना पोच घ्या.