बूम लिफ्टमध्ये चढण्याआधी: हार्नेस कसा घालावा, हुक कुठे अडकवावा

पावसाळा नुकताच संपला होता. आमच्या साइटवर बूम लिफ्ट (लांब हाताच्या टोकाला बास्केट असलेलं, माणसाला उंच नेणारं यंत्र) पुढे घेताना तिचं एका बाजूचं चाक चेंबरच्या झाकणावर गेलं आणि झाकण चार बोटं खाली बसलं. खाली उभ्या असलेल्यांना नुसता धप्प असा आवाज आला. वर १२ मीटरवर मात्र बास्केटने असा हिसका दिला की आतला हेल्पर रेलिंगवरून कंबरेपर्यंत बाहेर झुकला. त्याच्या हार्नेसच्या, म्हणजे अंगावरच्या सुरक्षा पट्ट्यांच्या, पाठीच्या रिंगला लावलेली आखूड दोरी ताणली गेली आणि तिनेच त्याला मागे खेचलं. हातातला पाना खाली पडला, पण पोरगा बास्केटमध्येच राहिला.

असं का होतं, त्याचा हिशोब सोपा आहे. दोन्ही बाजूंच्या चाकांमध्ये अडीच मीटर अंतर धरा. एका बाजूचं चाक १० सेंटिमीटर खचलं आणि बूम १८ मीटर उंच असला, तर वर बास्केट सत्तर सेंटिमीटरच्या आसपास बाजूला जाते. तेही एका झटक्यात. बूम पुढे लांब काढलेला असेल तर तो वाकलेल्या बांबूसारखा उसळी मारतो आणि आतला माणूस गलोलीतल्या खड्यासारखा फेकला जातो. म्हणून बूम लिफ्टमधला हार्नेस माणसाला बास्केटबाहेर जाऊच न देण्यासाठी असतो. पडल्यावर झेलायचं काम त्याच्यावर सोडायचं नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या यावरूनच ठरतात.

आधी यंत्र ओळखा

कात्रीसारखी सरळ वर जाणारी ती सिझर लिफ्ट. तिच्यात मुख्य संरक्षण रेलिंगचं असतं. हार्नेस लागतो की नाही हे यंत्राच्या पुस्तकात आणि साइटच्या नियमात बघा. लागत असेल तर दोरी बाहेर पडू न देण्याइतकी आखूडच हवी. लांब हात काढणारी ती बूम लिफ्ट. तिच्यात फुल बॉडी हार्नेस, म्हणजे खांदे, छाती आणि मांड्या धरणारा, घालायचाच, मग काम बल्ब बदलण्याचं असो की गणपती मंडळाच्या कमानीवर माळा सोडण्याचं.

कंबरेला बांधायचा जुना पट्टा चालणार नाही. पडताना सगळा झटका पोटावर आणि कण्यावर येतो, माणूस मधोमध दुमडतो. अमेरिकेत पडणाऱ्याला अडवण्यासाठी असा पट्टा वापरायला १९९८ पासून बंदी आहे. आपल्याकडे साइटवर आजही फुल बॉडी हार्नेसला ‘बेल्ट’च म्हणतात, त्यामुळे दुकानात नीट बोलून घ्या. लेबलवर आयएस ३५२१ (भारतीय) किंवा ईएन ३६१ (युरोपीय) यांपैकी एक मानक छापलेलं हवं.

पट्टा हातात घेऊन तपासा

लांबून बघून काही कळत नाही. पट्टा दोन्ही हातांत धरून उलट्या ‘यू’सारखा वाकवा आणि वीतभर वीतभर पुढे सरकवत जा. वाकवल्यावर तुटलेले धागे केसाळ होऊन वर येतात. कडेला ब्लेडचा काप, वेल्डिंगच्या ठिणगीने पडलेला कडक काळा ठिपका, रंगाने ताठ झालेला भाग यांतलं काहीही सापडलं तर तो हार्नेस बाजूला ठेवा. शिलाईवरून नख फिरवा, सुटलेला टाका लगेच लागतो. डी-रिंग, म्हणजे दोरी अडकवायची धातूची कडी, वाकलेली नको. हुक उघडून सोडा: तो आपोआप मिटून लॉक झाला पाहिजे. सिमेंट आणि धूळ बसून स्प्रिंग अडकते, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. शॉक अॅब्सॉर्बरचं, म्हणजे दोरीवरच्या झटका शोषणाऱ्या शिवलेल्या पट्टीचं, पाकीट उसवलेलं दिसलं, तर तो एकदा झटका खाऊन झालेला आहे. तो परत वापरायचा नाही.

लेबल वाचता येत नसेल तरीही हार्नेस बाद. लेबलवर वजनाची मर्यादा असते, बऱ्याच हार्नेसवर ती १०० किलो आहे. त्यात तुमचं वजन, बूट आणि कमरेची हत्यारं सगळं धरायचं.

घालायचा कसा

पाठीची डी-रिंग धरून हार्नेस उचला आणि झटका, म्हणजे गुंतलेले पट्टे मोकळे होतात. जाकीट घालतो तसे दोन्ही हात घाला. मांड्यांचे पट्टे पायांमधून पुढे घेऊन लावा, पीळ राहू देऊ नका. छातीचा पट्टा छातीच्या मध्यावर हवा. तो वर गळ्याजवळ राहिला तर लटकताना गळा आवळतो, फार खाली राहिला तर खांदे सुटून माणूस बाहेर निसटू शकतो.

ताण किती ठेवायचा? सपाट तळवा पट्ट्याखाली जावा, मूठ जाऊ नये. पाठीची रिंग दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये आली पाहिजे आणि ती स्वतःला दिसत नाही, म्हणून जोडीदाराला बघायला सांगा. “भाऊ, रिंग बघ रे जरा” एवढं म्हणायला कुणी लाजू नये. मांड्यांचे पट्टे उकाड्यात काचतात म्हणून पोरं ते सैल सोडतात किंवा लावतच नाहीत. सुपरवायझरने हे खपवून घेऊ नये. पडताना शरीराचं वजन मुख्यतः तेच पट्टे तोलतात.

दोरी किती लांब

सर्वात जास्त चूक इथे होते. स्टोअरमध्ये मिळते ती साधारण १.८ मीटरची, शॉक अॅब्सॉर्बरवाली डबल हुक दोरी. ती ट्रसवर (छताच्या लोखंडी सांगाड्यावर) चढणाऱ्यासाठी ठीक आहे. बास्केटमध्ये तेवढी ढील असली तर माणूस रेलिंग ओलांडून बाहेर जाऊ शकतो. मग खाली किती जागा लागेल ते मोजा: दोरी १.८ मीटर, अॅब्सॉर्बर उसवतो तो सव्वा मीटरच्या आसपास, पाठीच्या रिंगपासून तळपायापर्यंत दीड मीटर, वर एक मीटर राखीव. एकूण साडेपाच मीटर! शेडमध्ये बास्केट चार मीटरवर असताना ही दोरी वापरली, तर अॅब्सॉर्बर पुरा उसवण्याआधीच माणूस जमिनीवर आदळू शकतो.

म्हणून लांबी कमी-जास्त करता येणारी दोरी घ्या आणि बास्केटमध्ये उभं राहून काम करता येईल इतपतच, पण रेलिंगबाहेर जाता येणार नाही एवढी आखूड करा. लांब दोरीला गाठ मारून ती आखूड करू नका, गाठीपाशी तिची ताकद कमी होते.

हुक कुठे

बास्केटमध्ये यंत्र बनवणाऱ्याने दिलेला अँकर, म्हणजे हुक अडकवायची पक्की जागा, असतो, बहुधा त्याच्याजवळ दोरी लावलेल्या माणसाचं चित्र. हुक तिथेच. रेलिंगला नाही, आणि शेजारच्या ट्रसला, पाइपला किंवा खिडकीच्या ग्रिलला तर मुळीच नाही. तुम्ही इमारतीला बांधलेले असताना बास्केट हलली किंवा खाली बसली, तर यंत्र एकीकडे ओढेल आणि दोरी दुसरीकडे. एका अँकरला एकच माणूस.

बास्केटमध्ये शिरलात की दार लावा, हुक अडकवा, लॉकचा टक् आवाज ऐका, एकदा ओढून बघा. त्यानंतरच जॉयस्टिकला हात. हुक काढायचा तो बास्केट जमिनीवर टेकल्यावर. यंत्र चालवत नेतानाही, म्हणजे बास्केट खाली ठेवून यंत्र एका टोकाहून दुसरीकडे नेताना, हुक लागलेलाच हवा. आमच्या साइटवर चेंबर खचलं ते यंत्र चालतं असतानाच.

वर गेल्यावर दोन्ही पाय बास्केटच्या फरशीवर. हात पुरत नाही म्हणून मधल्या रेलिंगवर चढायचं नाही, शिडी किंवा बादली ठेवायची नाही. बास्केट थोडी सरकवा, दोन मिनिटं लागतील. बाहेर उघड्यावर चालणाऱ्या बऱ्याच यंत्रांना वाऱ्याची मर्यादा १२.५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर असते. फ्लेक्स किंवा मोठा पत्रा हातात धरला तर तोच शिडासारखा वारा पकडतो, तेव्हा त्याच्या बऱ्याच आधी खाली या.

कुणी लटकलाच तर

हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचत जातं आणि काही मिनिटांतच तो बेशुद्ध पडू शकतो. अग्निशमन दल येईपर्यंत थांबण्याएवढा वेळ नसतो. म्हणून काम सुरू होण्याआधीच जमिनीवरच्या दोघांना खालचं पॅनेल चालवून दाखवा: चावी कुठे फिरवायची, इमर्जन्सी स्टॉप कसा सोडायचा, इंजिन बंद पडलं तर बूम खाली घेण्याची आपत्कालीन व्यवस्था कुठली. त्यांच्याकडून एकदा रिकामी बास्केट वरून खाली आणवून घ्या. चावी खालच्या पॅनेललाच राहू द्या, ऑपरेटरच्या खिशात नको. लटकलेला माणूस शुद्धीवर असेल तर त्याला पाय हलवत राहायला सांगा. हार्नेसला पाय ठेवायचे फास असतील तर त्यात उभं राहायला सांगा. १०८ ला फोन एकाने करायचा, बाकीच्यांनी सुटका.

खाली आल्यावर

भिजलेला हार्नेस सावलीत टांगून वाळवा. मळला तर सौम्य साबण आणि साधं पाणी, थिनर किंवा रॉकेल नाही. उन्हात गाडीच्या टपावर आणि बॅटरीच्या ॲसिडजवळ ठेवू नका. आणि जो बाद ठरवलाय त्याचे खांद्याचे आणि मांड्यांचे पट्टे कात्रीने कापूनच भंगारात टाका. सबंध टाकलेला हार्नेस आमच्या एका कंत्राटदाराच्या माणसाने भंगारातून काढून पुढच्या आठवड्यात घातलेला मी स्वतः पाहिलाय.