मिसिसिपीकाठचं गाव नेमकं कधी वसलं, ते कसं शोधावं

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मिसिसिपी नदीच्या काठाने वसलेल्या छोट्या गावांच्या पाटीवर स्थापनेचं एकच साल लिहिलेलं असतं. ते बरेचदा गावठाणाचा नकाशा कौंटीत, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीत, नोंदवल्याचं किंवा नगरपालिका झाल्याचं साल असतं. माणसं त्याआधी आलेली असू शकतात आणि कधी कधी नंतरही. 1830च्या दशकात सट्टेबाजांनी नकाशे नोंदवून प्लॉट विकले, पण त्यांतली कित्येक गावं कागदावरच राहिली. म्हणून नुसत्या नकाशावर विसंबू नका.

सुरुवात तहापासून करा. साउक आणि मेस्क्वाकी या मूलनिवासी लोकांकडून ही पट्टी 1832च्या तहाने घेतली गेली आणि 1 जून 1833 पासून गोऱ्यांना इथे राहायची मुभा मिळाली. मेस्क्वाकींची गावं आणि शिशाच्या खाणी मात्र त्याच्याही कितीतरी आधीच्या आहेत. गावाचा इतिहास 1833 पासून सुरू केलात, तर हा सगळा भाग गळतो.

मग सरकारी मोजणी पाहा. टाउनशिप म्हणजे 6 मैल बाजूचा चौरस, त्यात 36 सेक्शन आणि प्रत्येक सेक्शन साधारण 640 एकरांचा. क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात, पहिली ओळ पश्चिमेकडे जाते, दुसरी पूर्वेकडे परत येते. इथे गफलत झाली की शेजारच्याच सेक्शनचे कागद हाती येतात. नदीकाठचे सेक्शन तुटके असतात, त्यांचं क्षेत्रफळ वेगळं लिहिलेलं असतं. मोजणीदाराची वही आवर्जून वाचा. 66 फुटी साखळीने मोजत जाताना वाटेत लागलेली शेतं, घरं, पायवाटा तो टिपत असे. गावठाणाचा नकाशा होण्याआधीच्या झोपड्या तिथेच सापडतात.

जमिनीचं सरकारी मालकीपत्र, म्हणजे पेटंट, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमीन खात्याच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतं. त्यावरची तारीख आगमनाची समजू नका. आयोवातली सरकारी विक्री 1838 मध्ये, डब्यूक आणि बर्लिंग्टनच्या कचेऱ्यांतून, एकरी किमान सव्वा डॉलर दराने सुरू झाली. लोक तोवर पाच वर्षं कायदेशीर मालकीशिवाय राहत होते आणि 'क्लेम क्लब' काढून एकमेकांच्या जागा सांभाळत होते. शिवाय पैसे भरल्यावर पेटंट हातात पडायला महिने, कधी वर्षंही लागत. पुढची खरेदीखतं कौंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, विकणारा आणि घेणारा अशा दोन सूचींतून शोधावी लागतात.

सगळ्यात बोलका कागद 1850ची जनगणना. घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय आणि जन्मराज्य त्यात पहिल्यांदा आलं. समजा, थोरला मुलगा 12 वर्षांचा, जन्म ओहायोत; मधला 8चा, इलिनॉयमध्ये; धाकटी 3 वर्षांची, आयोवात. म्हणजे कुटुंब 1842 ते 1847च्या दरम्यान नदी ओलांडून आलं. वयं अंदाजे सांगितलेली असतात, तेव्हा एकदोन वर्षं इकडेतिकडे धरा. 1840च्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे.

पोस्टमास्तरांच्या नेमणुकांच्या नोंदीही तपासा. पोस्टाचं नाव गावाच्या नावापेक्षा वेगळं असू शकतं, म्हणून कौंटीची पूर्ण यादी चाळा.

शेवटी नदी. बोटी कुठे लागत हे आजच्या नकाशावरून ठरवू नका. 1930च्या दशकात बांधलेल्या धरणांनी पाण्याची पातळी वाढली आणि कित्येक ठिकाणी जुना सखल काठ बुडाला. त्याआधीचा नदीचा नकाशा घ्या आणि गावठाणाच्या नकाशातल्या पाण्यालगतच्या रस्त्याशी जुळवून पाहा.