रात्रीचा आरजे, कंट्री गाणी अन् नागपूर : सुरुवात कशी करायची

पहिलेच सांगून टाकतो, नागपुरात "कंट्री म्युझिकचा आरजे पाहिजे" अशी जाहिरात कधी निघणार नाही. (कंट्री म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडची, गोष्ट सांगणारी गाणी.) खासगी एफएमवर हिंदी हिट्स चालतात अन् कोणतं गाणं लागेल हे बहुतेक वेळा जॉकच्या, म्हणजे आरजेच्या, हातात नसतंच, प्लेलिस्ट वरून येते. म्हणून पोटासाठी एक काम पकडायचं अन् कंट्रीचा शो त्याच्या बाजूनं उभा करायचा. नोकरी सोडून हे करू नका, मी केलं होतं, सहा महिन्यांत बाबांनी विचारणं सुरू केलं.

माझा पहिला डेमो मी टेक्सासवाल्या अॅक्सेंटमध्ये केला होता, "हाऊडी" वगैरे. एका स्टेशनच्या प्रोड्यूसरनं अर्धा मिनिट ऐकलं, हेडफोन काढला अन् विचारलं, कुठचे तुम्ही? म्हटलं मानेवाड्याचा. "मग असं काहून बोलून राहिले?" बस, तिथून शिकलो. गाणं अमेरिकेचं असू द्या, तुमचं बोलणं घरचंच पाहिजे.

आता कान कसा तयार करायचा. एकदम नॅशव्हिलपासून, म्हणजे अमेरिकेतल्या कंट्रीच्या माहेरघरापासून, सुरू करू नका, डोकं फिरते. किशोरकुमारचं यॉडलिंग, म्हणजे आवाज झटकन वर-खाली उडवत गाणं, आपल्या सगळ्यांना पाठ आहे, ते त्यानं जिमी रॉजर्स अन् टेक्स मॉर्टन या जुन्या कंट्री गायकांच्या रेकॉर्डी ऐकून उचललं असं सांगतात, तर पहिले जिमी रॉजर्स ऐका. १९२७ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिस्टल गावात त्याचं अन् कार्टर फॅमिलीचं पहिलं रेकॉर्डिंग झालं, कंट्रीची खरी गाडी तिथूनच सुटली म्हणतात. मग स्टील गिटार. तो रडका सरकता आवाज तुम्हाला नवीन नाहीच, रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधात हवाईयन गिटारवर सिनेमाची गाणी वाजायची ना, त्याच घरातला तो. मग हँक विल्यम्स (२९व्या वर्षी गेला बिचारा), जॉनी कॅश, पॅट्सी क्लाईन, डॉली पार्टन, चार्ली प्राईड. अन् डीफोर्ड बेलीचा माऊथ ऑर्गन सोडू नका, ग्रँड ओल ऑप्री या रेडिओ शोच्या सुरुवातीच्या काळातला हा काळा कलाकार, लोक त्याला विसरतात.

ऑप्रीचा किस्सा तर प्रत्येक जॉकनं पाठच करावा. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम या रेडिओ स्टेशनवर १९२५ मध्ये जॉर्ज हे नावाच्या माणसानं हा शो सुरू केला, नाव होतं बार्न डान्स. १९२७ मध्ये एकदा त्याच्या आधी शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम संपला, अन् हा माईकवर सहज बोलून गेला की इतका वेळ ग्रँड ऑपेरा ऐकला, आता ऐका ग्रँड ओल ऑप्री. तेच नाव चिकटलं अन् आजही चालू आहे. एका लिंकची ताकद बघा! (लिंक म्हणजे दोन गाण्यांच्या मधातलं आपलं बोलणं.)

लिंक लिहिणं हेच खरं काम आहे, आवाज वगैरे नंतर. कंट्रीच्या गाण्यात गोष्ट असते अन् ऐकणाऱ्याला इंग्रजी बोल धड समजत नाहीत, तर ती गोष्ट तुम्ही आधी मराठीत सांगायची, पण शेवट नाही सांगायचा. उदाहरण घ्या, 'आय विल ऑल्वेज लव्ह यू'. "आता ऐकूया डॉली पार्टनचं सुंदर गाणं" ही लिंक नाही, ही घोषणा झाली. असं बोला : व्हिटनी ह्यूस्टनचं १९९२ चं ते गाणं आठवते ना, सगळ्यांना वाटते ते प्रियकरासाठी आहे. ते लिहिलं डॉलीनं, अन् ज्याच्या टीव्ही शोमध्ये ती बरीच वर्षं गात होती त्या पोर्टर वॅगनरला सोडून जाताना लिहिलं. भांडून नाही, गाणं म्हणून राजीनामा दिला. हे १९७४ चं ओरिजिनल. अन् गप्प. तीस सेकंदांच्या आत.

टायमिंगसाठी मोबाईलचं स्टॉपवॉच पुरे. गाणं सुरू झाल्यावर किती सेकंदांनी गायक तोंड उघडतो ते वहीत लिहून ठेवा, तुमचं शेवटचं वाक्य त्याच्या एक सेकंद आधी संपलं पाहिजे. अन् गाण्याआधी स्टील गिटारचा इंट्रो (नुसतं वाजणं) असेल तर त्याच्यावर बोलूच नका, माझी विनंती समजा.

रात्रीचा स्लॉट मागा, कोणी घेत नाही म्हणून लवकर मिळतो, अन् कंट्रीला रात्रच शोभते. राल्फ एमरी १९५७ पासून १९७२ पर्यंत डब्ल्यूएसएमवर रात्रभर बसायचा, गायक असेच रात्री स्टुडिओत येऊन बसायचे गप्पा मारायला. सूर्य बुडाला की मीडियम वेव्हचे सिग्नल वरच्या हवेतून परत फिरून लांब लांब जातात, म्हणून ५० किलोवॅटचं ते स्टेशन कुठल्या कुठं ट्रकवाल्यांना ऐकू यायचं. आपल्याकडे तर याहून मोठं होतं, नागपूरजवळच्या बुटीबोरीचा १,००० किलोवॅटचा ट्रान्समीटर, १५६६ किलोहर्ट्झ, आकाशवाणीचं नॅशनल चॅनल १९८८ पासून रात्री त्याच्यावर चालायचं. आता ते बंद झालं, पण ट्रकवाले कुठं गेले, ४४ अन् ५३ नंबरचे हायवे अजून नागपुरातच एकमेकांना भेटतात, तर बोलताना तोच एक जागा असलेला माणूस समोर धरा. "तमाम श्रोतेहो" नाही, "भाऊ, चहा झाला का".

प्रॅक्टिकल गोष्टी पटापट. सिव्हिल लाईन्सच्या आकाशवाणीत कॅज्युअल उद्घोषकांची भरती अधूनमधून निघते, लेखी परीक्षा अन् आवाजाची चाचणी असते, उच्चार घासून ठेवा. कम्युनिटी रेडिओचं लायसन्स एकट्या माणसाला मिळत नाही, कॉलेज नाहीतर संस्थेला मिळते, तर अशा ठिकाणी जाऊन आठवड्याचा एक तास मागा. घरून इंटरनेटवर करायचं असेल तर पूर्ण गाणं आपल्या मनानं चिकटवू नका, रेकॉर्डिंगचे हक्क वेगळे अन् शब्द-चालीचे वेगळे असतात, लायसन्स नसेल तर वेबसाईटवाले तुमचा शो उडवून टाकतात. त्यापेक्षा फक्त गोष्टी रेकॉर्ड करा अन् गाण्यांची प्लेलिस्ट सोबत द्या. स्टुडिओ म्हणजे कपड्यांचं कपाट उघडं ठेवायचं, समोर गोधडी लटकवायची, माईक तोंडापासून वीतभर अन् जरासा तिरपा, नाहीतर प अन् फ फुटतात. मे महिन्यात कूलर बंद करून रेकॉर्ड करावं लागते, त्याची घरघर नंतर काढता येत नाही नीट, मी बनियनवर बसतो, पाच मिनिटं बोलायचं, दहा मिनिटं कूलर.

एअरचेक, म्हणजे आपल्या शोचं रेकॉर्डिंग, मित्रांना ऐकवू नका, ते "भारी" म्हणून मोकळे होतात. मी वाडीच्या एका टपरीवर तर्री पोहा खाता खाता पोहेवाल्याला फोन कानाला लावायला देतो. गाणं सुरू झाल्यावर त्यानं फोन परत दिला तर लिंक फेल. परवा डॉलीवाली लिंक दिली, त्यानं फोन काही सोडला नाही, दोन गिऱ्हाईक ताटकळले, अन् वरून मलाच विचारते, "मग त्या पोर्टरनं जाऊ दिलं का तिले?"