जुनी सोन्याची नाणी जमवायचीत? आधी घरातलं मोडायचं थांबवा

सांगलीच्या सराफ कट्ट्यावर लग्नसराईत कुणाच्या तरी आज्जीची पुतळ्यांची माळ मोडीत निघतेच, आणि आपली विटा-खानापूरकडची गलाईवाली मंडळी तर देशभर सोनं आटवतात, एकदा मुशीत गेलं की नाणं काय नि तुकडा काय सगळं सारखंच. म्हणून पहिली शोधाशोध घरातच करा.

पुतळी म्हंजे मूळ व्हेनिसचं डुकाट नावाचं सोन्याचं नाणं, वजन साधारण साडेतीन ग्रॅम. आपल्याकडं त्याच्या नकला भरपूर पाडल्यात, अक्षरांच्या जागी नुसत्या रेघोट्या दिसल्या की समजायचं. गिन्नी म्हंजे इंग्रजांचं सॉव्हरिन हे सोन्याचं नाणं, ७.९८ ग्रॅम, २२ कॅरेट. १९१८ ची असेल तर भिंग घ्या, घोड्याखाली सालाच्या बरोबर वर बारीक इंग्रजी आय असला तर ती मुंबई टांकसाळीची, तिथं गिन्नी त्या एकाच साली पाडली. कडी डाखलेली असली तर मात्र संग्राहक भाव पाडणारच.

खरी-खोटी बघायला ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा पुरतो. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा, मग गिन्नी दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला नि काचेला लावू नका. काटा ०.४५ च्या आसपास आला तर ठीक, ०.७ वगैरे आला तर आत दुसराच धातू आहे. अर्थात ह्याने सोनं कळतं, नाणं अस्सल आहे का ते नाही, खऱ्या सोन्याच्या पण नकली गिन्न्या असतातच की.

शिवरायांचा होन, एका बाजूला 'श्री राजा शिव' नि दुसरीकडं 'छत्रपति', स्वस्तात देतो म्हणणारा भेटला तर चहा पाजा आणि वाटेला लावा. इतका दुर्मिळ होन असा फिरत नसतो राव. त्यापेक्षा आधी शिवराया, म्हंजे तांब्याची शिवराई नाणी घ्या, त्या परवडतात आणि अक्षराचं वळण, झीज ह्याची नजर बसते.

घासायचं बिलकुल नाही, चिंच नको नि पावडरही नको, कडेला धरूनच उचला.

शेतात नांगरताना हंडा लागला तर गुपचूप विकू नका, १८७८ च्या कायद्यानं दहा रुपयांच्या वरचा ठेवा कलेक्टरला कळवावाच लागतो. आणि शंभर वर्षांपुढचं नाणं पुण्या-मुंबईतल्या पोराला खुशाल द्या, पण दुबईच्या पाहुण्याबरोबर पाठवू नका, १९७२ च्या कायद्यानं ते देशाबाहेर न्यायला बंदी आहे.