लायसन्स मिळालं, आता ट्रकवर पहिलं वर्ष कसं काढायचं

लायसन्स हातात आलं म्हणजे टेस्टच्या मैदानावर गाडी चालवता येते एवढंच सिद्ध झालं. तिथे मागे माल नव्हता, पाठीमागून हॉर्न मारणारं कोणी नव्हतं आणि 'कुठे पोचलास' म्हणून सारखा फोन करणारा मालकही नव्हता. पहिल्या वर्षात एकच गोष्ट धरून ठेवायची, दुसऱ्याची घाई आपल्या अंगावर घ्यायची नाही.

नोकरी बघताना सगळे किलोमीटरच्या रेटवरच अडकतात. रेट विचाराच, पण माल भरायला-उतरवायला तासन् तास थांबावं लागलं तर त्याचे पैसे मिळतात का, दंड कोण भरतो, आणि सुरवातीला सोबत अनुभवी ड्रायव्हर देणार का, हेही विचारा. ट्रेनिंगच्या नावाखाली बाँड असेल तर मधेच सोडल्यावर किती भरावे लागतील ते लेखी घ्या, तोंडी काय, कोणीही काहीही बोलतं. जमलं तर बंद बॉडीची गाडी आणि ठरलेला रूट घ्या. टँकर लगेच नको, अर्धवट भरलेला असला की ब्रेक मारल्यावर आतलं लिक्विड पुढे येऊन आदळतं आणि थांबत आलेली गाडी परत पुढे ढकलते.

गाडी ताब्यात घेतली की आधी खाली उतरून एक पूर्ण फेरी मारायची, रोज, कालच बघितली होती तरी. चाकाच्या नटाभोवती गंजाचे ओघळ दिसले तर नट ढिला असू शकतो. नुकतंच चाक बदललेलं असेल तर 80 ते 160 किलोमीटरच्या आत थांबून नट पुन्हा तपासून घ्या. जोडचाकांच्या मधे दगड अडकलाय का बघा, तो उडाला तर मागच्याच्या काचेवर जातो.

एअर ब्रेक, म्हणजे टाकीतल्या दाबलेल्या हवेवर चालणारा ब्रेक असेल तर ती हवा तपासल्याशिवाय हलायचंच नाही. हवा पूर्ण भरली की चाकांना उटी (गाडी घरंगळू नये म्हणून ठोकळे) लावून इंजिन बंद करा, पार्किंग ब्रेक सोडा, पॅडल दाबून 1 मिनिट धरा आणि गेज बघा. साध्या ट्रकला 3 पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) वर आणि ट्रेलर जोडलेला असेल तर 4 च्या वर हवा उतरली तर कुठेतरी लीकेज आहे. मग इंजिन बंदच ठेवून किल्ली ऑन करा आणि पॅडल दाबून-सोडून हवा कमी करत न्या, साधारण 60 च्या आसपास वॉर्निंग वाजली पाहिजे. नाही वाजली तर गाडी मेकॅनिककडे, आणि फॉल्ट तोंडी सांगू नका, मेसेज टाका, म्हणजे उद्या कोणी 'सांगितलंच नव्हतं' म्हणणार नाही.

ट्रेलर जोडल्यावर नुसत्या आवाजावर विश्वास ठेवू नका. टॉर्च घेऊन खाली वाका, किंग पिनभोवती (ट्रेलरच्या खालची जोडणीची पिन) ट्रकचा जबडा नीट बंद झालाय का आणि वर ट्रेलर व ट्रकच्या प्लेटमधे फट राहिली नाही ना ते डोळ्यांनी बघा, मग ट्रेलरचे ब्रेक लावून हळूच पुढे ओढून बघा.

रिव्हर्सची भीती सगळ्यांना असते, आणि असावीच. स्टिअरिंग खालून धरा म्हणजे ट्रेलरचा मागचा भाग जिकडे न्यायचाय तिकडेच हात जातो. शक्य असेल तिथे ड्रायव्हरच्या बाजूने घ्या, कारण दुसऱ्या बाजूला अर्धं काहीच दिसत नाही. शंका आली की उतरून बघायचं, कितीही वेळा, बघणारे हसले तर हसू द्या. मागे उभा राहून हात दाखवणारा माणूस आरशातून गायब झाला की जागेवर ब्रेक.

आता अंतराचं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबायचं अंतर जवळपास चौपट होतं, त्यात एअर ब्रेकमध्ये पॅडल दाबल्यापासून चाकाला ब्रेक लागेपर्यंत अर्धा सेकंद जातो म्हणजे 80 च्या स्पीडला 11 मीटर असेच गेले. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवताना आपल्या गाडीच्या दर 3 मीटर लांबीला 1 सेकंद धरा आणि 65 च्या वर गेलात की आणखी 1. मधे कार घुसणारच, घुसू दे, परत मागे व्हायचं. आणि रिकामी गाडी लवकर थांबते असं समजू नका, वजन नसल्यामुळे चाकं पटकन लॉक होतात.

घाट उतरताना गिअर उतार सुरू व्हायच्या आधीच खाली आणा, न्यूट्रल तर कधीच नाही, डिझेल वाचतं म्हणून कोणी शिकवलं तरी. पॅडलवर सतत पाय ठेवला की ड्रम तापून फुगतो, लायनरपासून (ड्रमला घासून गाडी थांबवणारा थर) लांब जातो आणि ब्रेक उरतच नाही. ठरवलेल्या वेगाला पोचलात की गाडी मंदावतेय हे जाणवेल एवढाच ब्रेक मारून वेग 8-10 ने कमी करा आणि पाय काढा, इंजिनाला धरू द्या, मग परत तेच.

पुलाच्या उंचीच्या पाटीवर आंधळा विश्वास नको, पाटी लावल्यानंतर रस्त्यावर डांबराचा थर चढलेला असू शकतो. शिवाय रिकामी गाडी भरलेल्यापेक्षा उंच उभी राहते, त्यामुळे जाताना सुटलात म्हणून येताना सुटालच असं नाही.

झोपेशी मात्र मांडवली होत नाही. पहाटे 2 ते 6 मधे शरीर स्वतःच बंद पडायला बघतं. 80 च्या वेगात 3 सेकंद डोळा लागला की गाडी 65 मीटरच्या वर आंधळी जाते. खिडकी उघडून, गाणी लावून काही होत नाही, सुरक्षित जागी गाडी लावून 20 मिनिटं झोपा आणि उठल्यावर लगेच स्टार्टर मारू नका, डोकं जागं व्हायला थोडा वेळ लागतो.

शेवटी कागद. सीलचा नंबर स्वतः कागदाशी जुळवा, फोटो काढा. नग मोजू दिले नाहीत तर 'मोजलेले नाहीत' असं लिहून मगच सही करा, आणि माल उतरला की पोच घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नका.